रोवण्याआधी दाखवून घ्या

जुलै लागला की गोंदिया जिल्ह्यात सगळ्यांचं एकच काम. पाऊस झाला, बांधीत चिखल तयार झाला, धानाचे पऱ्हे हाताला आले, की तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत आणि आमगावपासून देवरीपर्यंत गावंच्या गावं रोवण्याला लागतात. चिखलणी पुरुष करतात, ट्रॅक्टर पुरुष चालवतात, धुरे-बांध पुरुष धरतात. कंबरेत वाकून एकेक रोप चिखलात खोचायचं काम मात्र बायांचं. सकाळी वाकलेली बाई दुपारच्या भाकरीला सरळ होते आणि पुन्हा वाकते ती दिवस मावळेपर्यंत. महिना-सव्वा महिना हे असंच चालतं. चार पैसे जास्त मिळायचे दिवस हेच, म्हणून कितीही दुखलं तरी या दिवसांत बाई घरी बसत नाही. ताप असला तर गोळी घेऊन जाते. अंगावरून जास्त जात असलं तर दुहेरी कापड घेऊन जाते. चक्कर आली तर बांधावर घटकाभर टेकते आणि पुन्हा ओळीत उभी राहते. विचारलं तर सांगते, रोवणा झाल्यावर दाखवीन.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की असं थांबू नका. दाखवायचं ते रोवण्याआधी दाखवा, आणि रोवण्यात दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. हे बायांना जितकं सांगायचं आहे तितकंच त्यांच्या नवऱ्यांना, सासवांना, रोवण्याचा गुत्ता म्हणजे ठेका घेणाऱ्या बाईला, धानाच्या मालकाला आणि गिरणीवाल्याला सांगायचं आहे. कारण बाई एकटी ठरवून घरी बसू शकत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ज्या देशांत आजारपणाच्या रजेची नीट नोंद होते, तिथे बहुतेक ठिकाणी बायकांच्या रजा पुरुषांपेक्षा जास्त भरतात. नॉर्वेत आजारी कामगाराला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मिळतो, तोही वर्षभरापर्यंत. तिथेही बायकांच्या रजा जास्तच. गरोदरपणातल्या रजा बाजूला काढल्या तरी फरक उरतो. एवढंच ऐकून ‘बायका कामाला कच्च्या’ असं म्हणणारे आपल्याकडच्या शाळांत आणि कचेऱ्यांतही भेटतात. त्यांनी लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेला व्हाइटहॉलचा अभ्यास पाहावा. १९८५ साली तो सुरू झाला आणि त्यात १०,३०८ माणसं होती. १९९३ मध्ये त्यांच्या रजांचा हिशेब छापून आला. बायकांच्या रजा जास्त होत्या, पण त्याहून कितीतरी मोठा फरक हुद्द्याचा निघाला. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सगळ्यात वरच्या पुरुषांच्या सुमारे सहापट होत्या. ज्याच्या हातात आपल्या कामाची सूत्रं नाहीत, ज्याला उठ म्हटलं की उठावं लागतं, तो जास्त आजारी पडतो. आणि खालच्या पायरीवर बायका जास्त असतात. शिपाई बाईची रजा साहेबाच्या रजेशी ताडून पाहणं हा न्याय नव्हे.

आपल्या रोवणाऱ्या बाईचं तर कोणत्याच रजिस्टरात नाव नाही. ती आली नाही याची नोंद होत नाही, तिची रोजी बुडते एवढंच. त्यामुळे गावात पाहावं तर चित्र उलटं दिसतं. अंग मोडून आलं की पुरुष एखादा दिवस खाटेवर पडतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. बाई पडत नाही. ती पडली तर सैंपाक कोण करील, पाणी कोण भरील, हा प्रश्न तिच्या आधी घरच्यांना पडतो.

आणि जे थोडे खाडे ती करते, तेही बहुतेक दुसऱ्याच्या दुखण्यासाठी. पोराला ताप आला, ती बसली. सासऱ्याला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, ती गेली. नणंद बाळंतीण झाली, चार दिवस तिकडे. असे दिवस खर्ची पडल्यावर स्वतःच्या दुखण्यासाठी खाडा करायला तिची जीभ उचलत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७. म्हणजे बाई कामावर गेली नाही तरी तिचे पाच तास ठरलेले आहेत. आजारी बाईला ‘आज घरीच राहा’ म्हणून भागत नाही. त्या दिवशी चुलीजवळ दुसरं कुणी बसलं पाहिजे आणि हंडा दुसऱ्या कुणी उचलला पाहिजे. हे ज्या घरात होत नाही, तिथली बाई म्हणते की त्यापेक्षा रोवण्याला गेलेलं बरं, निदान रोजी तरी मिळते. तिचं चूक नाही. घराने तिला दुसरी वाट ठेवलेली नाही.

आता कशासाठी दाखवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. धाप लागणं, पायात गोळे येणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, जीव कासावीस होणं, याला आपण थकवा म्हणून सोडून देतो. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत पानं खुडणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बायांना लोहाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांची खुडणी वाढली. १९७९ साली हे छापून आलं आहे. चहाची पानं खुडणं आणि धान रोवणं यांत कष्टाच्या दृष्टीने फार अंतर नाही. म्हणजे रक्त वाढवणं हा रोजी वाढवायचाही मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. उपकेंद्रात बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासतात. बाई गरोदर नसेल तर ते १२ च्या वर असावं, गरोदर असेल तर ११ च्या वर. बिगरगरोदर बाईचं ८ च्या खाली असेल तर तिने डॉक्टरला दाखवल्याशिवाय राहू नये, आणि ७ च्या खाली असेल तर कुणीच राहू नये.

पण रक्त दोन दिवसांत वाढत नाही. गोळ्या दोन-तीन महिने नेमाने घ्याव्या लागतात. जुलैत उभं राहायचं असेल तर तपासणी एप्रिलमध्ये झाली पाहिजे, तेंदूपत्त्याची धांदल सुरू व्हायच्या आत. म्हणून ‘रोवण्याआधी’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वापरतो आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने तिचा गुण जातो. जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर रात्री निजताना घ्या. शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. पुष्कळ बाया चौथ्या-पाचव्या दिवशी काळं पाहून गोळ्या फळीवर ठेवून देतात, आणि आशाताई पुन्हा आली की घेतो म्हणून सांगतात. तसं करू नका. मळमळ थांबत नसेल तर ताईला खरं सांगा, ती दुसरी वेळ किंवा दुसरी गोळी पाहील.

गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरांतून आहे आणि आपल्या जिल्ह्यात त्याची तपासणी वर्षानुवर्षं चालू आहे. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवरची मोहीमही सुरू झाली आहे. सिकलसेलच्या माणसाला गार पाण्यात तासन् तास उभं राहणं, पाणी कमी पिणं आणि अंगमेहनतीचा अतिरेक या तिन्ही गोष्टी बाधतात, आणि रोवण्यात त्या तिन्ही एकदम होतात. अशा बाईच्या किंवा माणसाच्या अंगात कळा सुरू झाल्या तर तो कामचुकारपणा नाही. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आहे. गावाने अशा माणसाला निदान आळशी तरी म्हणू नये.

रोवण्यातला ताप ही दुसरी गोष्ट. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीत मलेरियाची भीती असते, हे लोकांना माहीत आहे, आणि आशाताईजवळ जागच्या जागी तपासायची पट्टीही असते. पण स्क्रब टायफस अजून पुष्कळांना ठाऊक नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात त्याची साथ येऊन गेली. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चावण्याने तो होतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, आणि पुष्कळदा किडा चावला तिथे बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ही खपली दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आणि ती बहुतेक काखेत, जांघेत, छातीखाली, कंबरेच्या नाडीखाली असते. बाई ती जागा डॉक्टरला दाखवत नाही, डॉक्टरही विचारायला संकोचतो, आणि ताप साधा म्हणून चार दिवस निघून जातात. या आजारावरचं औषध स्वस्त आहे आणि वेळेत दिलं तर चांगलं लागू पडतं. उशीर झाला तर आजार फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर जातो. तेव्हा बायांनो, रोवण्यात ताप आला तर रात्री दिव्यापाशी जाऊबाईकडून, लेकीकडून अंग पाहून घ्या. खपली दिसली तर नर्सताईला दाखवा आणि ‘मी गवतात, बांधीत काम करते’ हे आपणहून सांगा. डॉक्टरला एवढ्या एका वाक्याने दिशा मिळते.

तिसरं दुखणं बाई कुणालाच सांगत नाही. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत अतोनात रक्त जाणं, अंग बाहेर येणं. ओटीपोटात दुखत असताना दिवसभर वाकून राहायचं, बांधीवर आडोसा नसतो म्हणून लघवी दाबून धरायची, पाणी प्यायचं नाही. मग जळजळ, मग ताप. धानाच्या मालकाने चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री बांधून आडोसा केला तर यातलं निम्मं दुखणं कमी होईल. याला कितीसा खर्च येतो? मालकांनी हे या वर्षापासून करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ही दुखणी लपवण्याचा शेवट कुठवर जातो ते बीड जिल्ह्यात आपण पाहिलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळीतलं दुखणं, पांढरं जाणं यांमुळे खाडे पडू नयेत म्हणून तिथल्या पुष्कळ बायांनी गर्भाच्या पिशव्या काढून घेतल्या. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवी काढल्यावर पुष्कळ जणींची कंबर धरते, हाडं ठिसूळ होऊ शकतात, वय होण्याआधी म्हातारपण येतं, आणि कामही आधीसारखं होत नाही. आपल्याकडे ही वेळ येऊ नये. कुणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका, मोकळं व्हाल’ म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दाखवा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पुष्कळदा गोळ्यांवर भागतं. मात्र पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही दम धरू नका.

आता गुत्त्याविषयी बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. एकरी भाव ठरवून दहा-बारा बाया मिळून रोवणा घेतात. एक बाई आली नाही तर तिचं काम बाकीच्यांच्या कंबरेवर येतं, म्हणून त्या कुरकुरतात, आणि आजारी बाई त्यांच्या बोलण्याच्या धाकाने येते. दोघींचंही बरोबर आहे. पण यातून वाट निघते, आणि ती गुत्ता घ्यायच्या दिवशीच काढायची असते. बसून ठरवा की या हंगामात प्रत्येकीला आजारपणाचे दोन दिवस धरलेले आहेत. त्या दिवसांचा तिचा वाटा तिला मिळेल. ज्या दिवशी कुणाची पाळी असेल, कुणाला बरं वाटत नसेल, तिला पऱ्हे काढायला बसवा. ते काम बसून होतं, ओळीत वाकावं लागत नाही. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ओळीत उभं करूच नका, आणि तिला गटातून काढूही नका. पिण्याचं पाणी, दुपारचं पोरांना पाहणं, जेवणं आणणं हीही कामंच आहेत. भाव ठरवताना एवढी सोय धरूनच मालकाशी बोला. आज या बाईला दोन दिवस द्याल, उद्या तुम्हाला लागतील. बचत गट ज्या बाया चालवतात त्यांना हा हिशेब काही अवघड नाही.

विडी वळणाऱ्या बायांची गोष्ट निराळी. काम घरात, भाव हजारावर. बाई पडली की त्या दिवशी शून्य, म्हणून तिचं सूप लेकीच्या मांडीवर येतं. आईच्या आजारपणाचा खाडा मग मुलीच्या शाळेच्या हजेरीत दिसतो. मास्तरांनी अशी मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या आईची चौकशी करावी, असं मला वाटतं. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, असं त्याने ठरवून दिलं होतं. ती किती जणींना मिळाली हे वळणाऱ्या बायाच सांगतील. मिळायची असेल तर आधी काम स्वतःच्या नावावर हवं. वही आणि कार्ड नवऱ्याच्या नाही, वळणारीच्या नावाचं करून घ्या. नावच नसेल तर रजा मागायची कुणी?

पुरुषांशीही मला बोलायचं आहे, कारण त्यांचं वागणं त्यांच्याच जिवावर उठतं. बाई दुखणं लपवते ते काम बुडेल म्हणून. पुरुष ते लपवतो मर्दपणापायी. गिरणीतला हमाल महिनाभर खोकतो आणि कोंड्याची धूळ म्हणून सोडून देतो. छातीत दुखतं, तो म्हणतो पोतं उचलताना लचक भरली. बाया छोटी छोटी आजारपणं जास्त काढतात, पण मोठ्या आजाराने एकदम आडवे होणारे आणि लवकर मरणारे पुरुष जास्त. क्षयरोगही आपल्या देशात पुरुषांत जास्त सापडतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याच्या हिशेबाने पैसेही बँकेत जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १,००० रुपये झाले आहेत. तुम्ही सहा महिने लपवलं तर आधी घरातल्या पोरांना लागण होते, मग तुमची बायको दवाखाना आणि रोवणा दोन्ही ओढते.

आणखी एक. देशात नसबंदी केलेल्या जोडप्यांत शस्त्रक्रिया जवळजवळ नेहमी बाईचीच झालेली असते. कुटुंब आरोग्याच्या त्याच २०१९-२१ च्या पाहणीत बायांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ३७.९ टक्के होतं आणि पुरुषांच्या नसबंदीचं ०.३ टक्के. बाईची शस्त्रक्रिया पोटातली, पुरुषाची वरवरची, बिनटाक्याची. कामगार विम्यात म्हणजे ईएसआयमध्ये बाईच्या शस्त्रक्रियेला पूर्ण मजुरीसह १४ दिवस आणि पुरुषाच्या नसबंदीला ७ दिवस मिळतात. किती सावरावं लागतं हे सरकारनेच यात मान्य केलं आहे. तरी शिबिराला आपण बायकोलाच पाठवतो, आणि आठवड्यात ती डोक्यावर हंडा घेते. नसबंदीने ताकद जात नाही, पोतं उचलायला काही बाधा येत नाही. फक्त पुढचे तीन महिने, वीर्य तपासून डॉक्टर मोकळं म्हणेपर्यंत, दुसरं साधन वापरावं लागतं. भावांनो, ही एक सुट्टी तुम्ही घ्या.

पोटुशी बाईच्या पैशाबद्दलही दोन शब्द. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे पैसे बारशाला नाहीत आणि बियाण्यालाही नाहीत. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला घरी बसता यावं, तिच्या बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी, म्हणून सरकार ते देतं. तेवढे दिवस तिला बसू द्या. मूल कुपोषित असेल आणि पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहायला सांगितलं, तर आईला तिथे बुडीत मजुरी मिळते. घरी जनावरं कोण पाहील म्हणून पाचव्या दिवशी तिला परत आणू नका.

जिथे हजेरीपट आणि पगारपत्रक आहे अशा गिरण्या, दुकानं, कारखाने यांतल्या बायांनी आणि पुरुषांनी पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयची कपात आहे का ते पाहावं. दहा किंवा जास्त माणसं कामावर असली आणि मजुरी महिना २१,००० पर्यंत असली तर हा विमा लागू होण्याजोगा आहे. कामगाराकडून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात, नोकरीची अट पुरी असेल तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. गर्भ पडला तर कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ती बहुतेक बाया मागतच नाहीत. दोन दिवसांत कामावर येतात, कुणाला कळू नये म्हणून. कळलं तरी चालेल. दवाखान्याचा कागद ठेवा आणि रजा मागा.

मुख्याध्यापक, शाखाधिकारी, गिरणीमालक यांना एक सांगणं. बाईने रजेचा अर्ज दिला की भर कचेरीत ‘काय झालं’ विचारू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसं आहे. रजा किती झाल्या ते मोजा, पण सोबत हेही पाहा की तिच्या बसण्याच्या जागी पंखा आहे का, स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, ती दिवसभर उभी असते का. आणि आशाताईचा विचार गावाने करावा. तिला काही मोबदला कामागणिक मिळतो. ती तापाने पडली तर तो बुडतो आणि गावाची लसीकरणाची यादीही अडते. तिला बरं नसताना रात्री-बेरात्री दार वाजवू नका, शेजारच्या गावच्या ताईचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

१ मे रोजी ग्रामसभा असते. रोवण्याला तेव्हा दोन महिने उरलेले असतात. एप्रिलमध्ये तपासणी हुकली असेल त्या बायांसाठीही वेळ गेलेली नसते. या सभेत बायांनी तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. मे महिन्यात गावात एक दिवस रक्ताची, सिकलसेलची आणि बायांच्या दुखण्याची तपासणी व्हावी, आणि तिला डॉक्टर बाई यावी. रोवण्याच्या महिन्यात उपकेंद्र संध्याकाळीही काही वेळ उघडं राहावं, कारण दिवसा कुणी येऊच शकत नाही. आणि बांधीवर आडोसा व पिण्याचं पाणी देण्याचं मालकांनी सभेपुढे कबूल करावं. ठराव वाचून दाखवायला सांगा, अंगठा किंवा सही त्यानंतरच करा. ग्रामपंचायतीकडून प्रत घ्या आणि ती घेऊन चार-पाच जणी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.